देव एकच, मग धर्म तीन का?

पंढरपूरला जाणारा माणूस तुळजापूरलाही तितक्याच भक्तीने जातो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. अशा वाचकाला यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मांबद्दल एक प्रश्न हमखास पडतो. देव एकच, त्याने जग निर्माण केलं, तो न्याय करणार, असं तिघंही सांगतात. अब्राहाम तिघांचा, मोशे तिघांचा. मग हे तीन वेगळे धर्म झाले कसे, आणि शतकानुशतकं एकमेकांशी झगडले कशासाठी?

थोडक्यात उत्तर असं. देव किती, हा त्यांच्यातला मूळ वाद नाही. देवाने माणसाला जे सांगायचं ते पूर्णपणे कधी आणि कशातून सांगितलं, यावर त्यांचं एकमत होत नाही. यहुदी म्हणतात, सिनाय पर्वतावर मोशेला दिलेल्या तोराहमधून. ख्रिस्ती म्हणतात, येशूच्या रूपात देव स्वतःच माणूस होऊन आला. मुसलमान म्हणतात, मुहंमद पैगंबरांवर उतरलेल्या कुराणातून. जगात आज यहुदी सुमारे दीड कोटी आहेत, ख्रिस्ती दोनशे कोटींहून अधिक आणि मुसलमान सुमारे दोनशे कोटी. एवढ्या माणसांची श्रद्धा तीन वाक्यांत मावणार नाही, म्हणून ती वाक्यं एकेक करून उलगडू.

१. सगळ्यांचा अब्राहाम

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीमध्ये, अब्राहामची कथा येते. ऊर हे त्याचं मूळ गाव. आपला देश आणि वडिलांचं घर सोडून मी दाखवीन त्या देशात जा, अशी आज्ञा त्याला होते आणि तो कनान देशाकडे निघतो. देव त्याला संतती आणि भूमी यांचं वचन देतो. या कराराची खूण म्हणजे सुंता. त्याला हागारपासून इश्माएल आणि सारेपासून इसहाक असे मुलगे होतात. इसहाकाचा मुलगा याकोब. त्याचंच दुसरं नाव इस्राएल, आणि त्याच्या बारा मुलांपासून इस्राएलचे बारा वंश झाले असं यहुदी परंपरा सांगते. अरब परंपरा आपला वंश इश्माएलशी, म्हणजे इस्माईलशी जोडते.

अब्राहामाच्या अस्तित्वाचा बायबलबाहेरचा पुरावा मिळालेला नाही. ‘इस्राएल’ नावाच्या लोकांचा सर्वांत जुना निर्विवाद समजला जाणारा उल्लेख इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात आहे, आणि तो इ.स.पू. सुमारे १२०८ चा, म्हणजे कथेतल्या अब्राहामाच्या बराच नंतरचा. पण तिन्ही धर्मांत अब्राहामाला जे महत्त्व आहे ते इतिहासाच्या पुराव्यावर उभं नाही. देवाच्या एका शब्दावर घर सोडणारा माणूस म्हणून तो त्यांना पूज्य आहे.

एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. अब्राहाम मोशेच्या आधीचा, म्हणजे तोराहच्याही आधीचा. पहिल्या शतकात ख्रिस्ती प्रचारक पौलाने लिहिलं की सुंता होण्यापूर्वीच देवाने अब्राहामाला त्याच्या विश्वासामुळे नीतिमान ठरवलं, म्हणून यहुदी नसलेल्यांनाही देवाकडे जायची वाट मोकळी आहे. सातव्या शतकात कुराणानेही तोच धागा पकडला. तोराह आणि इंजील (म्हणजे येशूला दिलेला ग्रंथ) अब्राहामानंतर आले, तेव्हा तो यहुदीही नव्हता आणि ख्रिस्तीही नव्हता, तो एका देवाला शरण गेलेला माणूस होता. युक्तिवाद एकच, पण निष्कर्ष दोन वेगळ्या दिशांना गेले.

२. यहुदी धर्म: करार, कायदा आणि उद्ध्वस्त मंदिर

यहुदी धर्म समजून घेताना ‘यांची श्रद्धा काय?’ या प्रश्नापासून सुरुवात केली की गोंधळ होतो. इथे आधी येतो तो करार. इजिप्तच्या गुलामगिरीतून देवाने आपल्या पूर्वजांना सोडवलं आणि सिनाय पर्वतापाशी मोशेच्या हाती नियमशास्त्र दिलं, ही या धर्माची मध्यवर्ती आठवण. ते नियमशास्त्र म्हणजे तोराह, बायबलची पहिली पाच पुस्तकं. तिच्यात ६१३ आज्ञा आहेत असं परंपरा मोजते. ‘हे कर’ सांगणाऱ्या २४८ आणि ‘हे करू नको’ सांगणाऱ्या ३६५. काय खावं, शेताचा कोपरा गरिबांसाठी कसा सोडावा, परक्याशी कसं वागावं, सणाला काय करावं, सगळं त्यात आलं. शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री संपणारा शब्बाथ हा कामाला पूर्ण विराम देण्याचा दिवस. देवाची मूर्ती करायची नाही आणि त्याचं नाव उच्चारायचं नाही. श्रद्धेची १३ कलमं यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीजने मांडली, पण ती थेट बाराव्या शतकात. तोवर अशा यादीवाचून या धर्माचं फारसं अडलं नव्हतं.

जेरुसलेममधलं मंदिर हे उपासनेचं केंद्र होतं. शलमोनाने बांधलेलं पहिलं मंदिर इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने पाडलं आणि लोकांना बंदी करून नेलं. पुढे इराणच्या सायरस राजाने बाबिलोन जिंकून त्यांना परतायची परवानगी दिली आणि दुसरं मंदिर उभं राहिलं. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने तेही जाळलं.

एखाद्या धर्माची सगळी पूजा एकाच देवळात होत असेल आणि तेच देऊळ गेलं, तर काय उरेल? बळी देण्याची जागा गेली आणि पुरोहितांचं कामच संपलं. तरीही हा धर्म टिकला. योहानान बेन झक्काई या विद्वानाने यावने गावी अभ्यासाचं केंद्र उभं केलं. बळीची जागा प्रार्थनेने घेतली आणि वेदीची जागा घरातल्या जेवणाच्या मेजाने. पुरोहिताच्या जागी शास्त्र जाणणारा शिक्षक, रब्बी, आला. तोंडी चालत आलेले नियम इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना या संग्रहात बांधले गेले. त्यावरची पुढच्या काही शतकांची चर्चा म्हणजे तालमुद. त्यात हरलेल्या पक्षाचं मतही जपून ठेवलेलं असतं. धर्मग्रंथात मतभेदांना इतकी मानाची जागा क्वचितच मिळते आणि यहुदी परंपरेतली ही गोष्ट मला सर्वांत थोर वाटते.

मंदिराशिवाय, रब्बीशिवायही हा धर्म किती तग धरू शकतो हे कोकणाने पाहिलं आहे. अलिबाग परिसरातले मराठी बोलणारे बेने इस्राएल तेलाच्या घाण्यावर काम करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. शास्त्रग्रंथ हाती नसताना शब्बाथ, सुंता आणि देव एक आहे हे सांगणारी ‘शेमा’ प्रार्थना एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभं राहिलं.

आणखी एक मुद्दा. तोराह पाळण्याची जबाबदारी इस्राएलच्या वंशजांची आहे. इतरांसाठी जलप्रलयातून वाचलेल्या नोहाला दिलेल्या सात मूलभूत आज्ञा पुरेशा आहेत असं रब्बी सांगतात. त्यामुळे सगळ्या जगाने यहुदी व्हावं असा आग्रह या धर्मात नाही.

३. ख्रिस्ती धर्म: शब्द माणूस झाला

येशू यहुदी होता, त्याची आई यहुदी होती आणि त्याचे पहिले सगळे शिष्य यहुदी होते. गालीलमधल्या नासरेथ गावचा हा माणूस देवाचं राज्य जवळ आलं आहे असं शिकवत फिरला. पंतय पिलात हा रोमन सुभेदार असताना, इ.स. ३० च्या आसपास, त्याला क्रूसावर खिळून मारलं. ही बंडखोरांना आणि गुलामांना देण्यात येणारी रोमन शिक्षा होती. तिथेच सगळं संपायला हवं होतं. पण तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला आणि आम्हाला दिसला, असं त्याचे अनुयायी सांगू लागले. पुनरुत्थानाच्या या श्रद्धेतून ख्रिस्ती धर्म जन्मला.

आता दोन प्रश्न उभे राहिले. यहुदी नसलेल्यांना या मंडळीत यायचं असेल तर त्यांनी सुंता करून तोराह पाळावी का? इ.स. ४९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये यावर सभा झाली आणि सुंतेची सक्ती करू नये असं ठरलं. तार्ससचा पौल हा या मताचा खंदा पुरस्कर्ता. त्याची पत्रं हे नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागातलं, सर्वांत जुनं लेखन आहे, येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं त्यानंतरची. या एका निर्णयाने ख्रिस्ती धर्म कोणाही वंशाच्या माणसाला खुला झाला आणि हळूहळू यहुदी धर्मापासून सुटत गेला.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. देव एकच आहे, हे तर ठामच. पण आपण येशूची प्रार्थना करतो. मग येशू कोण? अलेक्झांड्रियाचा आरियस म्हणाला, पुत्र श्रेष्ठ आहे, पण देवाने निर्माण केलेला आहे. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया येथे बोलावलेल्या परिषदेने हे नाकारलं आणि पुत्र व पिता यांचं सत्त्व एकच आहे असं ठरवलं. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे असं सूत्र मांडलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य म्हणजे तीन देव, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा असतो. ख्रिस्ती माणूस तो कधीच मान्य करणार नाही. एका देवावरची श्रद्धा आणि येशूची उपासना यांपैकी एकही सोडायची नाही, या निर्धारातून तो सिद्धान्त आला आहे.

यहुदी शास्त्र ख्रिस्ती लोकांनी टाकून दिलं नाही. त्याला ‘जुना करार’ म्हणून आपल्या बायबलचा पहिला भाग केलं. मराठी वाचकाला हे फादर थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात दिसेल. गोव्यातल्या राचोलला १६१६ मध्ये छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या आधीपर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. ख्रिस्ती नजरेतून पहिलं पुराण दुसऱ्याची वाट पाहत असतं. यहुदी वाचकाला मात्र ते स्वतःपुरतं पूर्ण आहे, आणि त्याला कोणी अर्धं म्हटलं की दुखतं.

या दुखण्याचं पुढे फार भयंकर रूप झालं. येशूच्या मृत्यूचा दोष ख्रिस्ती युरोपने शतकानुशतकं सगळ्या यहुद्यांवर ठेवला. १२९० मध्ये त्यांना इंग्लंडमधून आणि १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललं. हा दोष सरसकट यहुद्यांवर ठेवता येणार नाही असं कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे जाहीर केलं ते १९६५ मध्ये. त्याला इतका उशीर झाला, ही गोष्ट कोणत्याही सबबीने हलकी होत नाही.

पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स आणि पश्चिमेकडचं कॅथलिक चर्च यांच्यातली फूट १०५४ ची मानतात. १५१७ पासून मार्टिन ल्यूथरच्या बंडातून प्रॉटेस्टंट पंथ निघाले. पण नायसियात ठरलेला येशूबद्दलचा निर्णय या तिघांनीही कायम ठेवला.

४. इस्लाम: शब्द ग्रंथ झाला

मुहंमद पैगंबरांचा जन्म मक्केत इ.स. ५७० च्या सुमारास झाला. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं, पुढे ते व्यापारात पडले. ६१० च्या सुमारास हिरा गुहेत त्यांना पहिला साक्षात्कार झाला आणि तो पुढे मृत्यूपर्यंत होत राहिला. मक्केत छळ वाढला तेव्हा ६२२ मध्ये ते अनुयायांसह मदिनेला गेले. या हिजरतीपासून हिजरी सन मोजतात. ६३० मध्ये मक्का त्यांच्या ताब्यात आली, काबागृहातल्या मूर्ती काढल्या गेल्या आणि ६३२ मध्ये पैगंबरांचं निधन झालं.

इस्लामचा गाभा आहे तौहीद, देवाचं निखळ एकपण. देवाला ना भागीदार, ना मुलगा. इब्राहिम, मूसा, दाऊद, ईसा असे अनेक पैगंबर हाच संदेश घेऊन आले आणि मुहंमद हे त्यांतले शेवटचे, अशी श्रद्धा आहे. कुराणात सर्वांत जास्त वेळा नाव येतं ते मूसाचं, म्हणजे मोशेचं. एका संपूर्ण अध्यायाला येशूच्या आईचं, मरियमचं, नाव आहे. ती कुमारी असताना ईसाचा जन्म झाला, तो मसीहा होता, हेही कुराण सांगतं. पण तो देवाचा पुत्र होता आणि क्रूसावर मेला, हे मात्र नाकारतं. म्हणजे येशूविषयी मुसलमानाच्या मनात आदर आहे, आणि ख्रिस्ती श्रद्धेचे दोन मुख्य खांब मात्र त्याला मान्य नाहीत.

इथे तुलना करताना एक चूक होते. आपण बायबलशेजारी कुराण आणि येशूशेजारी पैगंबर ठेवतो. इस्लाममध्ये कुराण हा देवाचा साक्षात शब्द आहे, आणि पैगंबर तो पोचवणारे. ख्रिस्ती धर्मात देवाचा शब्द म्हणजे स्वतः येशू, आणि बायबल त्याची साक्ष. म्हणून कुराणाची तुलना येशूशी करणं जास्त बरोबर ठरतं. कुराणाची विटंबना मुसलमानाला इतकी का झोंबते, आणि अनुवादाला तो मूळ अरबीची सर का देत नाही, हे त्यातून कळतं.

आचरणाचे पाच स्तंभ आहेत: श्रद्धेची ग्वाही, दिवसातून पाच वेळा नमाज, जकात म्हणून ठरावीक दान, रमजानचे रोजे आणि ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज. सुन्नी आणि शिया हा भेद पैगंबरांनंतर नेतृत्व कोणाचं या प्रश्नातून आला. ६८० मध्ये करबलाला पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले आणि ती जखम शिया श्रद्धेच्या केंद्रस्थानी बसली.

आता तिघांना शेजारी ठेवून पाहू. समजा, वडिलांचं एक पत्र घरात जपून ठेवलं आहे. एक मुलगा म्हणतो, पत्र पुरेसं आहे, आपण त्याप्रमाणे वागू. दुसरा म्हणतो, पत्रात ज्याची चाहूल होती ते झालं, वडील स्वतःच येऊन गेले. तिसरा म्हणतो, पत्र खरंच होतं, पण हातोहात जाताना त्यात फेरफार झाले, म्हणून वडिलांनी तेच म्हणणं पुन्हा, शेवटचं, लिहून पाठवलं. पहिल्याला आपली गोष्ट सांगताना इतर दोघांची गरज पडत नाही. दुसऱ्याला पहिल्याविषयी बोलावंच लागतं आणि तिसऱ्याला दोघांविषयी. कुराण यहुदी व ख्रिस्ती लोकांना ‘ग्रंथधारक’ म्हणून मान देतं आणि त्याच वेळी त्यांच्या चुकाही दाखवतं, याचं कारण हेच आहे.

५. एक कथा, तीन अर्थ

देव अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगतो. अब्राहाम निघतो, सुरी उचलतो, आणि शेवटच्या क्षणी देव त्याला थांबवतो. मुलाच्या जागी मेंढा अर्पण होतो. कथा एवढीच.

यहुदी परंपरेत हा मुलगा इसहाक, आणि या प्रसंगाचं नाव ‘बांधणं’, कारण मुलाला बांधलं, मारलं नाही. नव्या वर्षाच्या सणात, रोश हशानाला, ही कथा वाचतात आणि मेंढ्याचं शिंग फुंकतात. अब्राहामाची निष्ठा आठवून देवाने आमच्यावर दया करावी, अशी त्यामागची भावना. ख्रिस्ती वाचकालाही मुलगा इसहाकच दिसतो, पण लाकडं पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्या त्या मुलात त्याला क्रूस वाहणारा येशू दिसतो. देवाने अब्राहामाचा मुलगा वाचवला आणि आपला दिला, असं तो म्हणतो. कुराणात मुलाचं नाव नाही, पण बहुतेक मुस्लिम परंपरा तो इस्माईल मानते. तिथे इब्राहिम आपलं स्वप्न मुलाला सांगतो, त्याचं मत विचारतो, आणि मुलगा होकार देतो. बाप आणि मुलगा दोघंही देवाला शरण जातात. बकरी ईदची कुर्बानी ही त्याची आठवण, आणि मांसाचा वाटा गरिबांना देणं हा तिचाच भाग.

एकाला यात करार दिसतो, दुसऱ्याला तारण, तिसऱ्याला शरणागती. तीन धर्मांचा स्वभाव मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

६. चंद्र एक, पंचांगं तीन

रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. ईस्टर मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो. यहुद्यांचा वल्हांडण सण वसंतातच येतो. असं का?

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी ११ दिवसांचा फरक पडतो. वल्हांडण वसंतात करावा अशी तोराहची आज्ञा असल्याने यहुदी पंचांग १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतं. आपल्या अधिक मासाचं कामही हेच. १९ वर्षांचे १२ प्रमाणे २२८ महिने, अधिक ७, म्हणजे २३५ चांद्रमास, आणि ते १९ सौर वर्षांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात.

येशूचा मृत्यू वल्हांडणाच्या दिवसांत झाला, म्हणून ईस्टरही चंद्राशी बांधलेला आहे. पण नायसियाच्या परिषदेने तो यहुदी गणनेवर अवलंबून न ठेवता स्वतंत्रपणे ठरवायचं ठरवलं. आज वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार ईस्टरचा मानतात. एकमेकांपासून दूर जाण्याची इच्छा इथे गणितातही उतरली आहे.

कुराणाने अधिक महिना घालायला मनाई केली. त्यामुळे हिजरी महिने दरवर्षी ११ दिवस मागे सरकतात आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. २०३० साली रमजान जानेवारीत सुरू होईल आणि डिसेंबरअखेर दुसरा रमजान लागेल.

७. एकाच प्रश्नापाशी तिघे

तिन्ही धर्मांच्या इतिहासात लढाया पुष्कळ आहेत आणि त्यांची पुस्तकंही पुष्कळ आहेत. मला इथे बाराव्या शतकातल्या कोर्दोबाविषयी सांगायचं आहे. स्पेनमधल्या या मुस्लिम अमलाखालच्या शहरात ११२६ मध्ये मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रश्द जन्मला आणि ११३८ मध्ये मोशे बेन मैमोन, म्हणजेच मायमोनिडीज. अल्मोहाद राजवटीत यहुद्यांचा छळ सुरू झाल्यावर मायमोनिडीजचं कुटुंब बाहेर पडलं आणि अखेर इजिप्तमध्ये स्थिरावलं. व्यापारासाठी भारताकडे निघालेला त्याचा धाकटा भाऊ दावीद हिंदी महासागरात बुडाला. त्या धक्क्याने मायमोनिडीज वर्षभर अंथरुणाला खिळला, आणि पुढे वैद्यकी करून त्याने घर चालवलं. छळ मुस्लिम राजवटीत झाला, आणि आसरा व मानही मुस्लिम राजवटीतच, इजिप्तमध्ये, मिळाला.

त्याने आपला मोठा तत्त्वज्ञानग्रंथ अरबी भाषेत, हिब्रू लिपीत लिहिला. त्यातला एक प्रश्न तिन्ही धर्मांचा आहे. देव खरोखर एकच आणि अखंड असेल, तर तो दयाळू, ज्ञानी, सामर्थ्यवान अशी अनेक विशेषणं त्याला कशी लावायची? मुस्लिम पंडितांत यावर आधीपासून जोरदार वाद चालू होता. मायमोनिडीजचं उत्तर कडक होतं. देव काय नाही एवढंच आपण सांगू शकतो. ‘देव ज्ञानी आहे’ म्हणजे तो अज्ञानी नाही, इतकंच.

शंभर वर्षांच्या आत हे पुस्तक लॅटिनमध्ये गेलं आणि ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसच्या हाती पडलं. अॅरिस्टॉटलवरच्या भाष्यांसाठी अक्वायनस इब्न रश्दला नुसतं ‘भाष्यकार’ म्हणतो, एवढा त्याचा अधिकार मानतो. मायमोनिडीजचा उल्लेख ‘रब्बी मोशे’ असा करतो. देवाच्या विशेषणांच्या प्रश्नावर तो रब्बी मोशेचं मत आधी मांडतो आणि मग ते आपल्याला का पटत नाही ते सांगतो. देव चांगला आहे असं म्हणणारा भक्त केवळ ‘तो वाईट नाही’ एवढंच म्हणत नसतो, त्याला काहीतरी अधिक म्हणायचं असतं, असं अक्वायनसचं म्हणणं आहे.